पंचविसावं वर्तुळ

विषय : इचोडा येथील कापूस सहकारी संघाच्या इमारतीतील वरचा हॉल निवासी कन्याशाळेस भोजनगृह म्हणून वापरू देण्याबाबत.

संदर्भ : मुख्याध्यापिकांची दरख्वास्त, सोबत नकाशा एक, फोटो चार, स्मरणपत्रं दोन.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, सदर हॉलची जमीन पन्हाळीच्या लोखंडी पत्र्यावर काँक्रीट ओतून केलेली असून तिला अठरा वर्षं झाली आहेत. संघाने ती बियाण्याच्या पाकिटांसाठी आणि वर्षातून एका सभेसाठी बांधली होती. आता तिच्यावर शहाण्णव मुली दोन्ही वेळा जेवायला बसणार आहेत. हा वाढीव भार ती पेलेल काय, याची पाहणी होऊन अहवाल मिळावा.

१

हे टिपण देवानंदने लिहिलं. देवानंद आदिलाबादच्या उपविभागीय बांधकाम कार्यालयात वरिष्ठ सहायक. कार्यालयाचे कागद तेलुगूत, भांडणं हिंदीत आणि मनातल्या शिव्या मराठीत, अशी त्याची एकतीस वर्षं गेली होती आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. सरकारी दरख्वास्तीला तीन उत्तरं असतात, हे तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवी : होय, नाही आणि प्रलंबित. होय म्हणणारा चौकशीत सापडतो, नाही म्हणणारा कोर्टात. प्रलंबित ठेवणारा हार घालून घरी जातो.

या मिसलीत, म्हणजे फायलीत, मात्र त्याचा जीव अडकला होता. त्याच्या लेकीची पोरगी मयूरी त्याच शाळेत सातवीत होती. मुली व्हरांड्यात जेवत आणि व्हरांडा हायवेपासून वीस पावलांवर. नागपूरकडचा एक ट्रक गेला की वरणावर धुळीची साय धरे. मुख्याध्यापिका रेणुकाबाई दर सोमवारी फोन करीत.

"देवानंदजी, तुमची नात बी तीच धूळ खाऊन राह्यली. रस्त्यापल्याड संघाचा हॉल रिकामा पडला हाय. तुमाले एक सही आणाची हाय, पहाड नाही."

म्हणून एकतीस वर्षांत पहिल्यांदा देवानंदने एक मिसल स्वतःहून पुढे ढकलली. नुसती ढकलली नाही, तर पाहणीला सहायक अभियंता नीलिमा निघाल्या तेव्हा आकडे लिहून घ्यायला तोही जीपमध्ये बसला. कार्यालयात दोन दिवस हाच विषय होता.

२

सोमवारी सकाळी गोदामाचं शटर उघडलं. खाली गोदाम, वर हॉल. गोदामात उभं राहून मान वर केली की छत म्हणजे तो पत्रा, एका गर्डरवरून दुसऱ्यावर गेलेला, शेतातल्या सऱ्यांसारखा. नीलिमा बाई तिशीच्या, आदिलाबादच्याच एका भाजीमळेवाल्याच्या घरातल्या, बोलायला थोड्या आणि कामाला घट्ट. देवानंदला त्या काका म्हणत.

"हा पत्रा आणि वरचं काँक्रीट एकमेकांना धरून असतील, तर दोघं मिळून भार घेतात," त्यांनी सांगितलं. "सुटले असतील तर दोघं वेगळे."

"म्हंजे एका छताखाली, पन बोलनं बंद," देवानंद म्हणाला. "आमच्या गल्लीत चार घरं हाय तशी. उभी हायत अजून."

बाई शिडीच्या घोड्यावर चढून हातोडीने पत्रा ठोकत गेल्या. धरून असेल तिथे ठण्ण असा भरीव आवाज येई, सुटलेला असेल तिथे भद. भद आलं की बाई खडूने वर्तुळ काढीत आणि देवानंद वहीत मांडी. बारा वाजेपर्यंत चोवीस वर्तुळं झाली. सगळी दुसऱ्या आणि तिसऱ्या गर्डरच्या मधे, प्रत्येक परातीएवढं. देवानंदने मान मागे टाकून पाहिलं आणि त्याला ते आवडलं नाही. वर्तुळांच्या दोन सरळ ओळी होत्या. बारा आणि बारा, समोरासमोर.

"मॅडम, गंजाले एवढी शिस्त कधीपासून आली?"

 बाईंनी वर्तुळांखाली नऊ स्टँड उभे केले आणि प्रत्येकावर एक डायल बसवला. घड्याळासारखी तबकडी, तिच्यातली सुई एक घर सरकली की छत मिलिमीटरचा शंभरावा भाग खाली आलं असं समजायचं. आज भार काहीच ठेवायचा नव्हता. उन्हाने छत किती हलतं तेवढं पाहायचं होतं.

एक वाजला. देवानंदचा डबा एकतीस वर्षं बरोबर एकला उघडे; त्यावर कार्यालयातली घड्याळं लावली जात. गोदामात धूळ होती म्हणून तो किल्ली घेऊन बाहेरच्या जिन्याने वर गेला. हॉल लांबच लांब, रिकामा, स्वच्छ उजेडाचा. एका टोकाला तीन खिडक्या. त्याने दुसऱ्या टोकाकडे जागा पाहून पेपर पसरला आणि मांडी घातली. ज्वारीची भाकर, वांगं, ठेचा. बसल्यावर त्याला बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं. अनोळखी लग्नात कुणीतरी सरकून आपल्याला जागा करून द्यावी, तसं. हात पुसताना त्याच्या ध्यानात आलं की खिडकीतून हायवेवरचे ट्रक जाताना दिसत होते, पण जेवण होईपर्यंत त्याला एकाचाही आवाज आला नव्हता. वय झालं, तो मनाशी म्हणाला. कानही निवृत्तीला आले.

खाली आला तेव्हा नीलिमा बाई डायलसमोर उभ्या होत्या, हातात अर्धं बिस्कीट. त्या कधी बसून जेवत नसत.

"काका, वर किती जण होते?"

"मी एकटाच."

"मजूर?"

"ते काय, लिंबाखाली. भाकरी खाऊन राह्यले."

बाईंनी वही पुढे केली. एक वाजून पाच मिनिटांनी नऊच्या नऊ सुया खाली गेल्या होत्या. एक पस्तीसला परत जागेवर.

"मी बासष्ट किलोचा हाय, मॅडम. नऊ सुया हलवाले मले नऊ जन्म लागतीन."

"ऊन असेल," बाई म्हणाल्या.

ऊन अर्ध्या तासासाठी येऊन जेवून जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

३

चारच्या सुमाराला अमृतराव आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, संघाचे वीसेक वर्षांपासूनचे अध्यक्ष; इमारत त्यांच्याच कारकीर्दीतली. काठी टेकत गोदामात शिरले, वर पाहिलं आणि हसायलाच लागले.

"अरे, हे तं आमची पंगत हाय."

"कोणती पंगत, दादा?" बाईंनी विचारलं.

"स्लॅबची. आपल्याकडं स्लॅब टाकला का मालकानं मजुराले जेवाले घालाव, हे तुमच्या पुस्तकात नसन." त्यांनी काठी वर केली. "हे पत्र्याचं काम तवा नवं होतं. ठेकेदार म्हणे, अध्यक्षसाहेब, याले सेंट्रिंग नाही लागत, टेकू नाही लागत, पत्राच सारं सांभाळते. मंग आमी म्हटलं, टेकू नाही लागत तं थांबाची बी काय गरज हाय? गुरुवारी स्लॅब टाकला, शनिवारी वरच पंगत बसवली. वीस मजूर अन् आमी चार संचालक. मालक-मजूर एकाच पंगतीत. पेपरात फोटो आलता."

"दोन दिवसांचं काँक्रीट," नीलिमा बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा दिवसात पहिल्यांदा सैल झाला. "कच्चं होतं ते. प्रत्येकाच्या वजनानं पत्रा खाली दबला आणि काँक्रीट सुटलं. जिथं माणूस, तिथं पोकळी."

"ही माही." अमृतरावांनी खिडकीकडचं पहिलं वर्तुळ काठीने दाखवलं. त्याखाली चार नंबरचा डायल होता. "शिरा असा झालता का मी उठतच नव्हतो."

सगळं जुळलं. देवानंदला स्पष्टीकरण आवडे, पण फार जुळलेलं स्पष्टीकरण त्याने मेडिकल बिलांतच पाहिलं होतं.

"दादा, पंगत किती वाजता बसली होती?"

"एकले. मी जलमभर एकलेच जेवतो."

"अन् उठली?"

"अर्ध्या घंट्यात. काऊन?"

"काही नाही," देवानंद म्हणाला, "वहीत लिहाचं होतं."

४

मंगळवारी बाईंनी भार ठेवला नाही. तोच रिकामा दिवस पुन्हा घ्यायचा ठरवला. हॉलला कुलूप, किल्ली देवानंदच्या खिशात, मजूर लिंबाखाली आणि ही दोघं खाली. देवानंदला स्वतःच्या बुद्धीची लाज वाटत होती. बीए झालेला माणूस, घरात दोन कपाटं पुस्तकं, आणि रिकामं छत जेवायला बसतं का ते पाहायला उभा.

एक वाजून चार मिनिटांनी पत्र्याने आवाज केला. टक.

मोठा नाही. गरम कढई चुलीवरून उतरवल्यावर करते तेवढा. खिडकीकडून आला. चार नंबरची सुई चार घरं खाली आली आणि थांबली. मग शेजारी, टक. मग त्याच्या शेजारी. घाई नव्हती. एकेक जण यावा, चपला काढाव्यात, धोतर सावरून बसावं, एवढं अंतर मधे. पहिली ओळ संपली आणि आवाज दुसऱ्या ओळीत आला. देवानंद मोजत होता; मोजायचं नव्हतं तरी एकतीस वर्षांच्या हाताने वहीत रेघा ओढल्या. बावीस. तेवीस. चोवीस.

मग काहीच नाही. 

"चोवीस," देवानंद म्हणाला. त्याला चक्क हलकं वाटलं. आकडा जुळला की त्याला कुठेही बरं वाटे. "जाऊ द्या, मॅडम. ऊन म्हना, वारा म्हना, जे काय हाय ते हिशोबात हाय." त्याने उभ्याउभ्याच डबा उघडला, एका पोत्यावर टेकला आणि भाकरीचा पहिला तुकडा तोंडात घातला.

टक.

दुसऱ्या ओळीच्या टोकाहून आला, जिथे वर्तुळ नव्हतं.

तोंडातला घास तसाच राहिला. नीलिमा बाई घोडा ओढत तिकडे गेल्या, चढल्या, हातोडी उचलली. काल तिथे ठण्ण वाजलं होतं. वहीत तशी नोंद होती, देवानंदच्याच अक्षरात.

भद.

बाईंनी वर्तुळ काढलं. ते वाकडं आलं. मग टेप लावून भिंतीपासूनचं अंतर घेतलं आणि दोघं वर गेली. कुलूप काढलं. हॉल कालच्यासारखाच रिकामा. टेप सांगत होता त्या जागी भाकरीचा चुरा पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"तुम्ही काल इथं बसला होतात?"

"हो."

"काँक्रीट आता अठरा वर्षांचं आहे, काका. एक माणूस बसून ते सुटत नाही."

"मी बी तेच म्हनून राह्यलो," देवानंद म्हणाला.

खाली येऊन बाईंनी नऊ नंबरचा डायल नव्या वर्तुळाखाली सरकवला.

५

बुधवारी भार चढवला. कापसाच्या गावात वाळूची पोती कोण भरतो? सरकी काढून दाबलेली गाठ एकशे सत्तर किलोची, वजन तिच्यावरच लिहिलेलं. त्रेपन्न गाठी मजुरांनी चेन-कप्पीने वर घेतल्या आणि दोन थरांत रचल्या, बरोबर त्या दोन ओळींवर. पहिली गाठ दहाला ठेवली, शेवटची साडेबाराला. सुया हिशोबाने सांगितलं होतं तेवढ्याच खाली आल्या. आता चोवीस तास थांबायचं.

एक वाजला. टक नाही, काही नाही. सुया ढिम्म.

"बघा," बाई म्हणाल्या.

देवानंदने डबा उघडला आणि पुन्हा बंद केला.  साडेअकरापासून त्याच्या खांद्यांवर काहीतरी बसलं होतं. दुखत नव्हतं, नुसतं होतं. बैलगाडीत पोत्यांखाली सापडल्यावर माणूस जसा आधी ओरडत नाही, नुसता हिशोब करतो, तसा तो हिशोब करत होता. पित्त. झोप नाही. साठी. आदिलाबादला घरी पोचला, बायकोने वाढलेलं ताट परत केलं. ती म्हणाली, असे वाकून काऊन चालून राह्यले? त्याला वाकल्याचं कळलंच नव्हतं.

गुरुवारी साडेबाराला गाठी उतरवायला घेतल्या. देवानंद खाली डायलपाशी होता, वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. एकेक गाठ कप्पीने बाहेर जाताना गोदामाच्या खिडकीआड सावली पडे. अकरावी गेली, बारावी गेली, आणि एकाएकी त्याचे खांदे मोकळे झाले. इतके, की तो एक पाऊल पुढे झोकांडला. त्याच क्षणी नऊ नंबरची सुई वर उठली.

त्याने ती वेळ लिहिली. शेजारच्या रकान्यात काय लिहावं हे न सुचून रकाना कोरा ठेवला.

सगळ्या गाठी उतरल्या. सुया परतत होत्या, नियमाप्रमाणे हळूहळू. चार नंबरची हलली नाही. बाईंनी डायलला टिचकी मारली, स्टँड तपासला, सुई शून्यावर आणून पुन्हा टेकवला. सुई परत तिथेच गेली, खाली.

"हा अमृतरावांचा," देवानंद म्हणाला, आणि आपण वर्तुळाला माणसाचं नाव दिलं हे ऐकून स्वतःच दचकला.

शटरपाशी संघाचा शिपाई उभा होता. निरोप द्यायला आलेला माणूस टोपी हातात घेऊन उभा राहतो, तसा.

"अध्यक्ष गेले. आता, घंटाभर झाला."

"कशानं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही जी, चांगले होते. काल दुपारपासून म्हनत होते, छातीवर कोनीतरी पोतं ठेवलं, कोनीतरी पोतं ठेवलं, काढा. रातभर तेच. डॉक्टरनं ईसीजीची पट्टी काढली, काही नाही निघालं." शिपायाने गाठींकडे पाहिलं आणि सहज विचारलं, "तुमचं झालं का मोजून?"

नीलिमा बाई मागे सरकून घोड्याच्या पायरीवर बसल्या. देवानंदने त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

६

शुक्रवारी शेवटचे आकडे घ्यायचे होते. भार काढल्यावर चोवीस तासांत छत तीन-चतुर्थांश परत आलं की पास. बाई एकट्याच गोदामावर गेल्या. देवानंद अमृतरावांच्या अंत्ययात्रेला जाऊन कार्यालयात आला, आणि त्या दिवशी त्याने जाणूनबुजून एकला डबा उघडला नाही. तो टेबलाशी बसून घड्याळ पाहत राहिला. शेजारच्या टेबलावरचा उद्धवराव म्हणाला, "काय देवानंद गारू, उपास का? का बायकोनं डबाच नाही देल्ला?"

"पोट बरं नाही."

दोन वाजले, अडीच वाजले. माणसाने किती मूर्ख व्हावं यालाही कार्यालयीन मर्यादा असते. तीनला पाच कमी असताना त्याने डबा उघडला, भाकर मोडली, वांग्याला लावली आणि तोंडाशी नेली.

फोन वाजला. नीलिमा बाई होत्या. आवाज खालचा.

"काका, तुम्ही आत्ता जेवायला बसलात का?"

घास तोंडाशी होता. त्याने तो डब्यात परत ठेवला.

"एकला तेवीस बसले," बाई म्हणाल्या. "चार नंबर खालीच आहे, तो उठलेलाच नाही. तुमची सुई हलली नव्हती. मी म्हटलं, सुटलो. आता डायल काढायला घेतले तर नऊ नंबर माझ्यासमोर चार घरं खाली आला."

"आता?"

"आता वर गेला."

उद्धवराव काहीतरी विचारत होता. देवानंदने हाताने त्याला गप्प केलं.

"मी वर जाऊन पाहते," बाई म्हणाल्या. जिन्यावरची त्यांची पावलं फोनमधून ऐकू आली, मग कुलूप, मग हॉलचा तो मोकळा घुमणारा आवाज. "कोणी नाही. काहीच नाही, काका. सगळं स्वच्छ. मुंग्या आहेत तेवढ्या."

आणि देवानंदच्या डाव्या खांद्यावर कुणीतरी पाय ठेवला. मग उजव्या. हलकाच, बाईमाणसाचा. त्याला बुटाची टाच कळली.

"मॅडम," तो म्हणाला, "बाजूले व्हा."

"कुठून?"

"उभ्या हाय तिथून."

 पलीकडे एक पाऊल मागे गेल्याचं ऐकू आलं आणि खांदे मोकळे झाले. दोघांनीही बराच वेळ फोन ठेवला नाही.

७

आकड्यांत छत पास होतं. सरासरी शहाऐंशी टक्के परत आलं होतं. पंचाहत्तर पुरे असतात. चार नंबर यंत्रदोष म्हणून वगळता येत होता.

"मी अयोग्य असं लिहिते," नीलिमा बाई म्हणाल्या.

"कारण काय लिहान?"

बाई आकड्यांचा तक्ता पुन्हा वरून खाली पाहू लागल्या.

"नाहीले कारन लागते, मॅडम. त्याच्यावर अपील होते. दुसरा अभियंता येते, आकडे पाहते, पास करून जाते. तुमी माह्यावर सोडा. प्रलंबितले अपील नसते."

"काका, शहाण्णव मुली आहेत. सरळ नाही म्हणू या."

"माही नात हाय त्याच्यात. मी तुमच्यापेक्षा घट्ट ठेवतो."

मग देवानंदने आपल्या नोकरीतलं सर्वात देखणं काम केलं. नकाशावर उत्तर दिशेचा बाण नाही, म्हणून परत. बाण आला, तर संघाचा ठराव मूळ प्रतीत नाही. ठराव आला, तर त्यावर सही करणारे अध्यक्ष मयत, नवीन ठराव जोडावा. रेणुकाबाईंच्या फोनला तो शांतपणे उत्तर देई, "चालू हाय, मॅडम. प्रलंबित हाय." मार्च गेला. तेवढ्या मुदतीत मुलींनी आणखी किती धूळ खाल्ली त्याचा त्याने हिशोब केला नाही. धूळ पोटात जाते आणि निघून जाते.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मयूरी घरी आली. जेवताना एकाएकी म्हणाली, "आजोबा, आमी तुमच्या हॉलात जेवलो."

"कोणत्या हॉलात?"

"वरच्या. व्हरांड्याले रंग देऊन राह्यले ना, साहेब येनार म्हून. मंग बाईनं तिकडं नेलं. तीन दिवस. मस्त वाटलं, आजोबा. धूळ नाही, आवाज नाही. ट्रकचा बी नाही."

देवानंदची बायको वाढता वाढता थांबली, कारण त्याच्या हातातली वाटी कलंडली होती.

"सगळ्या बसल्या?"

"सगळ्या. एक जागा सोडून. खिडकीजवळची. तिथं बसलं का खाली गेल्यावानी वाटे, म्हून कोनीच नाही बसलं."

त्याने रेणुकाबाईंना फोन लावला. त्यांना आश्चर्यच वाटलं. "अहो, तुमीच म्हटलं ना, प्रलंबित हाय? नाही म्हटलं असतं तं मी पाय ठेवला असता का तिथं? प्रलंबित म्हंजे होनारच हाय, कागदाचा उशीर, एवढंच."

एकतीस वर्षं देवानंद 'प्रलंबित'चा अर्थ 'नाही' असा धरून चालला होता. बाकी जगात त्याचा अर्थ काय होतो, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं आणि त्याने कुणाला विचारलं नव्हतं.

सोमवारी तो कार्यालयात गेला तेव्हा टेबलावर नवा कागद होता. अर्जदार : कापूस सहकारी संघ. विषय : सदर हॉल शाळेचा निर्णय होईपर्यंत रिकामाच असल्याने, पेरणीपूर्व हंगामासाठी खताची सहाशे पोती तिथे ठेवू देण्याबाबत. भारचाचणी समाधानकारक झाल्याचे आपल्याच कार्यालयाच्या नोंदींवरून दिसते, सबब अडचण नसावी. माल जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल.

त्याने कागद दोनदा वाचला आणि त्या सहाशे पोत्यांखाली मयूरीसकट मुलींच्या शहाण्णव जागा मोजल्या. मग पेन काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं : नामंजूर. हॉल कोणत्याही भारासाठी वापरू नये. कायम कुलूपबंद ठेवावा. कारणाच्या जागी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं. शेवटी लिहिलं : छत अगोदरच भरलेले आहे.

नीलिमा बाईंनी एका शब्दानेही न विचारता खाली सही केली. परंतु चाचणी समाधानकारक असताना परवानगी नाकारायची असेल, तर कार्यकारी अभियंत्यांची संमती लागते. साहेब प्रशिक्षणाला गेले असून मे अखेरीस रुजू होतील. त्यांच्या टेबलावर यापूर्वीच्या दोनशे चौदा मिसली आहेत.

संघाला एक इतल्ला, म्हणजे लेखी सूचना, पाठवण्यात आला आहे. त्यात, निर्णय होईपर्यंत माल ठेवू नये, असं दोनदा अधोरेखित केलं आहे. पोच आलेली नाही. देवानंद तीस जूनला सेवानिवृत्त होत आहे.

दरख्वास्त प्रलंबित आहे.